गुन्ह्याचा रकाना

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे वसतिगृहातील आठवणी मागितल्या होत्या. आम्ही काही माजी विद्यार्थी सातारा व सांगली येथील न्यायालयांत वकिली करतो. आठवणी लिहावयास एकत्र बसलो, तेव्हा बाकी सर्व बाजूला राहिले आणि एक कागद डोळ्यांसमोर आला.

काही वर्षांपूर्वीचे वार्षिक स्नेहसंमेलन. कार्यक्रम आटोपला होता, पालक मुलांना भेटून एस.टी.च्या वेळेची वाट पाहत उभे होते. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावचे पालक आमच्याजवळ आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि विचारले, "वकीलसाहेब, ह्यावर तारीख कधी लागंल?" कागद पोलीस ठाण्याचा होता. वर 'अदखलपात्र' असे लिहिलेले, खाली भारतीय दंड संहितेची कलमे ३२३ आणि ५०४, आणि शेवटी योग्य त्या न्यायालयात दाद मागण्याची समज दिल्याची नोंद. घडले होते ते असे : शेताकडे जाणाऱ्या पाणंदीतून त्यांची गाडी अडविली गेली, गावच्या पारावर दहाबारा माणसांदेखत जातीवरून शिवीगाळ झाली आणि ढकलाढकलीत मनगट दुखावले. त्यांनी हे सारे ठाण्यात सांगितले होते. कागदावर मात्र जात नव्हती, पार नव्हता, पाहणारी माणसेही नव्हती. उरली होती ती 'किरकोळ मारहाण' आणि 'अपमान'.

त्या कागदावर कधीच तारीख लागणार नव्हती. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस स्वतः होऊन करू शकत नाहीत. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. हे त्या गृहस्थांना कोणी सांगितले नव्हते. खटला सुरू झाला आहे अशा समजुतीने त्यांनी चार महिने तो कागद देव्हाऱ्यातील बुद्धमूर्तीमागे जपून ठेवला होता.

फौजदारी कायद्याच्या पुस्तकाच्या शेवटी एक लांबलचक तक्ता असतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेची पहिली अनुसूची म्हणून ओळखला जाई; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो त्याच जागी आहे. त्याला सहा रकाने आहेत. पहिल्यात कलम, दुसऱ्यात गुन्हा, तिसऱ्यात शिक्षा. चौथा रकाना सांगतो की गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र. पाचवा सांगतो की जामीनपात्र की अजामीनपात्र. आणि सहावा सांगतो की हा गुन्हा कोणत्या न्यायालयापुढे चालावयाचा. खून, दरोडा, बलात्कार हे सत्र न्यायालयाकडे. साधी दुखापत कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्याकडे. जे गुन्हे अन्य कायद्यांत सांगितले आहेत आणि ज्यांच्याविषयी त्या कायद्यांत वेगळी तरतूद नाही, त्यांच्यासाठी तक्त्याच्या दुसऱ्या भागात शिक्षेच्या लांबीवरून माप ठरविले आहे : सात वर्षांहून अधिक शिक्षा असेल तर सत्र न्यायालय, तीन ते सात वर्षे असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, तीन वर्षांहून कमी असेल तर कोणताही न्यायदंडाधिकारी, आणि हा शेवटचा वर्ग अदखलपात्र व जामीनपात्र.

वकिलीच्या परीक्षेला बसणारी मुले हा तक्ता कंटाळून पाठ करतात. आम्हीही केला. परंतु आमचे स्पष्ट मत असे झाले आहे की आपल्या समाजाच्या दृष्टीने फौजदारी कायद्यातील सर्वांत महत्त्वाची पाने हीच आहेत. कारण गुन्हा कोणत्या न्यायालयात जाणार याचा पहिला निर्णय कोणी न्यायाधीश करीत नाही. रात्रपाळीला बसलेला ठाणे अंमलदार जे कलम लिहितो त्यावरून उरलेले सर्व रकाने आपोआप भरले जातात.

याच मुलखातील एक प्रसंग घेऊ. १९०१ साली बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटावयास गोरेगावला निघाले. रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. मुले आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्थानकप्रमुखांचा चेहरा पालटला, आणि भाड्याच्या गाड्या उभ्या असूनही एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करून, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे अशा अटीवर प्रवास सुरू झाला. रात्री टोलनाक्यापाशी पाण्यावाचून उपाशी झोपावे लागले. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये सविस्तर लिहिला आहे. आपल्या शाळेतील सातवीच्या मुलांनाही तो तोंडपाठ असतो.

आता वकिलाच्या नजरेने विचारू या : मसूरच्या गाडीवानाचा हा गुन्हा कोणत्या रकान्यात बसत होता? १९०१ साली कोणत्याच नाही. दंड संहिता १८६० ची, प्रक्रिया संहिता १८६१ पासूनची, गुन्ह्यांचे तक्ते जागच्या जागी होते. त्यांत या कृत्याला नावच नव्हते. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने सार्वजनिक वाहन नाकारण्याला शिक्षा सांगितली. १९७६ मध्ये त्याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले आणि शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने अशी ठरली. गुन्हा दखलपात्र खरा. परंतु तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने संक्षिप्त रीतीने, म्हणजे एखाद्या क्षुल्लक बाबीप्रमाणे थोडक्यात, चालवावा अशी मुभा त्यात होती आणि आजही आहे. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंध अधिनियम आला आणि २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला सार्वजनिक वाहन, रस्ता, पाणवठा, स्मशानभूमी यांच्या वापरापासून अडविणे हे त्याच्या तिसऱ्या कलमात नोंदले गेले. तेच कृत्य आता सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचे, आणि चालणार विशेष न्यायालयापुढे.

येथे एक बारकावा आहे. पाच वर्षांची शिक्षा म्हणजे सर्वसाधारण मापाने हा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेला असता. अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने तो मुद्दाम उचलून सत्र न्यायालयाच्या दर्जावर नेला. संसदेचे म्हणणे असे की या गुन्ह्याचे वजन केवळ शिक्षेच्या वर्षांवरून ठरवू नका; वरिष्ठ अधिकाऱ्याने तपास करावा, अनुभवी न्यायाधीशाने चालवावा आणि अपील थेट उच्च न्यायालयात जावे. तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा नाही. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावयाचा. पूर्वी विशेष न्यायालयाला थेट दखल घेता येत नसे. आधी दंडाधिकाऱ्याने खटला सुपूर्द करावा लागे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला होता. त्यामुळे वाया जाणारा काळ दुरुस्तीने वाचविला. दोन महिन्यांचा नियम कितपत पाळला जातो, हे आमच्या डायऱ्या उघडून पाहणाऱ्यास कळेल. त्यावर अधिक लिहीत नाही.

म्हणूनच त्या पालकांच्या कागदावरून 'जात' हा एक शब्द गळाला, तेव्हा केवळ शिक्षा कमी झाली नाही. उपअधीक्षक गेले, विशेष न्यायालय गेले, सरकारी अभियोक्ता गेला, साक्षीदारांचा प्रवासभत्ता गेला, नुकसानभरपाई गेली. उरले ते 'दाद मागावी'.

या बाबतीत सातारा जिल्ह्याने साऱ्या देशाला एक मोठा धडा दिला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील अनुसूचित जातीच्या एका भांडारपालाच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले. त्याने २००६ मध्ये कराड पोलीस ठाण्यात अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखाली फिर्याद दिली. अधिकाऱ्यांवर खटला भरण्याची मंजुरी तंत्रशिक्षण संचालकांनी नाकारली. पुढे २०१६ मध्ये त्या संचालकांविरुद्धही गुन्हा नोंदला गेला. तो रद्द करावा म्हणून ते प्रथम उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. 'सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने २० मार्च २०१८ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. एका प्रकरणापुरते ते असते तर आम्ही येथे त्याचा उल्लेखही केला नसता. परंतु न्यायालयाने पुढे जाऊन साऱ्या देशासाठी निर्देश दिले : गुन्हा नोंदण्यापूर्वी उपअधीक्षकांनी प्राथमिक चौकशी करावी, सरकारी नोकराच्या अटकेस नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची आणि इतरांच्या अटकेस वरिष्ठ पोलीस अधीक्षकांची मंजुरी घ्यावी.

याचा अर्थ असा होता की चौथ्या रकान्यात 'दखलपात्र' हा शब्द तसाच राहिला, पण त्याच्यापुढे एक अदृश्य अट जोडली गेली. इतर कोणत्याही दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले होते. चोरीची फिर्याद लगेच नोंदावयाची आणि अत्याचाराची आधी तपासून पाहावयाची, असा भेद निर्माण झाला. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदला देशभर लोक रस्त्यावर आले ते यामुळे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने '१८ अ' हे कलम घातले. त्यात प्राथमिक चौकशीची आणि अटकेच्या मंजुरीची गरज नाही असे स्पष्ट लिहिले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी आधीचे हे निर्देश मागे घेतले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी '१८ अ' वैध ठरविले. कराडच्या एका कार्यालयातील शेऱ्यापासून निघालेला वाद संसदेपर्यंत जाऊन परत आला.

हे सारे संपले असे आम्ही समजत होतो. परंतु नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातील शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येईल, अशी तरतूद आली आहे. अत्याचार अधिनियमातील बहुतेक गुन्हे पाच वर्षांच्या शिक्षेचे, म्हणजे नेमके त्या टप्प्यात येणारे. आमच्या मते विशेष कायद्यातील '१८ अ' पुढे ही सामान्य तरतूद लागू पडत नाही. तरीही ठाण्यात कोणी "चौदा दिवसांनी या" असे म्हणाल्यास काय उत्तर द्यावयाचे, हे आपल्या माणसांना ठाऊक असले पाहिजे.

आता थोडे आपल्याविषयी. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये आरोपींना शिक्षा झाल्या, काहींना फाशीच्याही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी जन्मठेप दिली. परंतु अत्याचार अधिनियमाखाली गुन्हा शाबीत झाला नाही. हे वैयक्तिक सूडातून घडले असे न्यायालयांनी मानले. आपण त्या निकालावर मोर्चे काढले, ते योग्यच होते. तथापि जातीय हेतू पुराव्यात कसा उतरवावयाचा, याचा अभ्यास आपण केला काय? पहिल्या जबाबात जो शब्द नसतो तो दोन वर्षांनी साक्षीदाराच्या तोंडून आला, की बचावाचा वकील त्याला 'मागाहून रचलेला' म्हणतो. आम्हीही बचावात असतो तेव्हा हेच करतो, हे कबूल केले पाहिजे.

याच्या उलट चूकही आपल्याकडून होते. बांधाच्या भांडणात, घराच्या चार भिंतींच्या आत, साक्षीदार नसताना उच्चारलेल्या शब्दांवर तिसऱ्या कलमातील आर आणि एस ही उपकलमे लावण्याचा आग्रह धरला जातो. त्या उपकलमांना कृत्य लोकांच्या दृष्टीस पडेल अशा जागी झालेले असावे लागते. असा खटला पडतो आणि पुढच्या खऱ्या पीडिताकडे ठाण्यातील माणूस संशयाने पाहू लागतो. 'कायद्याचा गैरवापर' या ओरडीला आम्ही फार किंमत देत नाही. खोट्या फिर्यादी चोरीच्याही होतात आणि हुंड्याच्याही. परंतु जे कलम बसत नाही ते मागणे हाही आपल्याच माणसावर अन्याय आहे. साधी मारहाण झाली असेल तर साध्या मारहाणीची फिर्याद नीट द्यावी. दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात मिळालेला न्याय हलका नसतो.

आणखी एक रकाना आहे, तो मात्र पोलिसांकडे नसून आपल्या शाळेच्या कचेरीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. अशाच नोंदवहीत आपल्या मुलांच्या 'धर्म व जात' या रकान्यात अनेक पालक अभिमानाने केवळ 'बौद्ध' लिहितात. भावना थोर आहे. परंतु अत्याचार अधिनियम ३० जानेवारी १९९० रोजी लागू झाला, तेव्हा केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेशच नव्हता. तो त्याच वर्षी जूनमधील दुरुस्तीने झाला. अनुसूचीत नावे आहेत ती जातींची. खटल्यात फिर्यादीचा जातीचा दाखला हा पहिला पुरावा असतो आणि तो दाखला शाळेच्या नोंदीवर उभा असतो. धम्म लिहावा, ठळक लिहावा. पूर्वाश्रमीच्या जातीची नोंदही कायद्यापुरती असू द्यावी. आपल्या कचेरीतील लिपिकांनी हे प्रवेशाच्या वेळीच पालकांना समजावून सांगावे, अशी संस्थेला आमची विनंती आहे. आणि वसतिगृहातील पारधी, कैकाडी, रामोशी मुलांच्या बाबतीत तर अधिक काळजी घ्यावी. १८७१ च्या कायद्याने सरकारने गुन्ह्यांऐवजी माणसांच्या जमातींचेच वर्गीकरण केले होते. जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्यांना त्यातून मोकळे होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. त्यांच्या आजोबांनी हजेरीची वही पाहिलेली आहे. रकाना म्हणजे काय, हे त्यांना आपण नव्याने शिकविण्याची गरज नाही.

वरच्या न्यायालयाची एक किंमतही असते, ती म्हणजे अंतर. दंडाधिकाऱ्याचे न्यायालय तालुक्याला असते, सत्र न्यायालय प्रत्येक तालुक्याला नाही. जत, आटपाडी, माण येथील मजुराला एका तारखेसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते. ऊसतोडीच्या हंगामात समन्स गावात येते आणि साक्षीदार कारखान्याच्या थळात असतो. कायद्याने साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता देऊ केला आहे. अर्ज न केल्यामुळे तो बहुधा मिळत नाही. १९४२ नंतर पत्री सरकारच्या काळात याच दोन जिल्ह्यांत गावोगाव न्यायदान मंडळे बसत. निवाडा दारात, झटपट आणि फुकट मिळे, म्हणून वडीलधारी मंडळी अजून त्यांची आठवण काढतात. आम्हाला ती ओढ समजते. तरी जातीच्या गुन्ह्यात न्यायासन गावापासून थोडे दूर असलेलेच बरे, असे आमचे मत आहे. पारावर बसणारे आणि पारावर शिवी देणारे एकमेकांचे सोयरे निघाले, तर फिर्यादीने जावे कोठे?

संस्थेपुढे आमची मागणी मोठी नाही. दरवर्षी विद्यार्थी दिवसाला भाषणांबरोबर नववी-दहावीच्या मुलांना त्या सहा रकान्यांचा एक तास द्यावा. तो आम्ही घेऊ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, पालकभेटीच्या दिवशी, आमच्यापैकी एक जण विहाराच्या ओसरीवर कागद पाहावयास बसेल. फी नाही. पालकांनी येताना ठाण्यातून मिळालेला प्रत्येक कागद आणावा, मग तो कितीही चुरगळलेला असो. आणि एक गोष्ट आजच ध्यानात ठेवावी : अत्याचार अधिनियमाच्या चौथ्या कलमाप्रमाणे, तोंडी खबर लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखविणे, तिची नक्कल देणे आणि गुन्हा योग्य कलमांखाली नोंदणे हे लोकसेवकाचे कर्तव्य आहे. त्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद सांगितली आहे. सही करण्यापूर्वी "वाचून दाखवा" एवढे दोन शब्द म्हणावेत. नोंद घेण्यास नकार मिळाल्यास तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी आणि पोचपावती जपावी.

त्या पालकांनी हेच केले. रात्री वसतिगृहाच्या दिव्याखाली त्यांच्या नववीतल्या मुलीने बापाच्या तोंडची हकीकत स्वच्छ अक्षरांत लिहून काढली : पार, वेळ, कोण कोण उभे होते, कोणता शब्द उच्चारला. नोंदणीकृत टपालाने ती अधीक्षकांकडे गेली. काही आठवड्यांनी उपअधीक्षक स्वतः पारावर येऊन पंचनामा करून गेले आणि गुन्हा योग्य कलमांखाली नोंदला गेला. दोषारोपपत्र विशेष न्यायालयात दाखल आहे. पारावरच्या दहाबारा माणसांपैकी तिघे साक्षीला तयार होते. एकाने मागाहून अंग काढून घेतले, एक कोयता घेऊन कारखान्यावर गेला आहे. तो परतल्यावर उलटतपासणी व्हावयाची आहे. मुलगी आता बारावीला असून कायद्याला जावयाचे म्हणते. पुढील तारीख आखाडीनंतरची मिळाली आहे.